आकाशाची देवराई

दिवाळी जवळ आली की घरोघरी आकाशाची चौकशी सुरू होते. वसुबारस कधी, पहिले अभ्यंगस्नान कोणत्या दिवशी, लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त किती वाजता, हे सारे अखेर सूर्य-चंद्रांनाच विचारावे लागते. पंचांग हा आपला मध्यस्थ. २०२४ साली तर अमावास्या दोन दिवसांत अशी विभागली गेली की लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करावे की १ नोव्हेंबरला, यावर देशभर वाद माजला. आकाशातील दोन गोलांच्या चालीवरून पृथ्वीवरच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहिणींनी असा वाद घालावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे खरी. परंतु तिच्यात एक गंभीर अर्थही दडलेला आहे. आकाश हे माणसाच्या समाजजीवनाबाहेरचे काही आहे, असे आपण कधी मानलेच नाही.

या नात्याचा शोध घेणारी माणसे महाराष्ट्रात पूर्वीही झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात ग्रहगणिताबरोबर लोकांच्या पंचांगांचीही हकीकत सांगितली. पुढे २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात फलज्योतिषाचीच परीक्षा घेतली. शाळेत हुशार ठरलेली १०० मुले आणि १०० मतिमंद मुले अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्या पाहून कोणते मूल कोणत्या गटातले ते ज्योतिषांनी सांगावे, असे आवाहन केले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे धाडली. त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास निघाली असती!

आकाश आणि समाज यांच्या नात्याचा याहून वेगळा एक अध्याय पुणे-नाशिक रस्त्यावर लिहिला गेला आहे आणि अजून लिहिला जात आहे. त्याचीच गोष्ट मला या दिवाळीत सांगायची आहे.

हा रस्ता पाहा. पुणे सोडले की भोसरी, मोशी, मग चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि नारायणगाव. यातले चाकण इतिहासाला ठाऊक आहे ते १६६० च्या वेढ्यामुळे. शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. नंतरच्या काळात चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवे. अलीकडे पिंपरी-चिंचवडचीही तीच तऱ्हा होती. मोरया गोसावींचे चिंचवड हे देवस्थानाचे गाव, पिंपरी हे शेजारचे खेडे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले. त्याच दशकात मोटारी, ट्रक आणि स्कूटरी बनवणारे मोठे कारखाने आकुर्डी-चिंचवडच्या माळावर उभे राहिले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. जागा अपुरी पडू लागली तसा उद्योग इंद्रायणी ओलांडून उत्तरेस सरकला. १९९९ साली चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ साली जर्मन मोटारींचे कारखाने आले आणि कांद्याच्या बाजारपेठेचे रूपांतर वाहनांच्या नगरीत झाले.

याच रस्त्याने आणखी सुमारे ४५ किलोमीटर पुढे गेले की नारायणगाव लागते. तमाशाची पंढरी म्हणून ते प्रसिद्ध, विठाबाईंचे गाव. हंगामात येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रेचे पंच सुपारी द्यायला येतात. पश्चिमेस शिवनेरी, भोवती द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेते. या ग्रामीण मुलखात आकाशाशी संबंध जोडणाऱ्या दोन संस्था आल्या आणि दोन्ही आल्या त्या येथील शांततेच्या ओढीने.

पहिली आली आर्वीला. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. जवळजवळ ३० मीटर व्यासाची ती थाळी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून बसली आणि मुंबईचे परदेशांशी होणारे बोलणे डोंगराआडच्या या गावावरून जाऊ लागले. विक्रम साराभाईंच्या निधनानंतर त्यांचे नाव या केंद्राला मिळाले. ते नाव योग्यच होते. कारण उपग्रह म्हणजे श्रीमंत राष्ट्रांचा शौक, गरीब देशाला त्याचे काय काम, या प्रश्नाला साराभाईंनीच पहिले धीट उत्तर दिले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जो देश गरीब आहे, ज्याची गावे दूरदूर पसरली आहेत, त्यालाच उपग्रहाची गरज अधिक आहे.

हे उत्तर कसोटीला लावण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत एक कोल्हापूरचे गृहस्थ होते : एकनाथ वसंत चिटणीस. पुण्यात शिकलेले आणि पुढे अहमदाबादेत साराभाईंचे सहकारी झालेले. थुंब्याची जागा शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता; १९६३ साली तेथून पहिले रॉकेट उडाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर जो ‘साइट’ नावाचा दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्याची धुरा त्यांनी वाहिली. अमेरिकेने आपला एक उपग्रह वर्षभरासाठी उसना दिला होता. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या छत्र्या बसवल्या गेल्या आणि शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम थेट आकाशातून गावच्या चावडीत उतरले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण प्रयोगाच्या सुकाणूवर एक मराठी हात होता.

मला या प्रयोगाचे विशेष वाटते ते निराळ्याच कारणासाठी. अवकाश संशोधन संस्थेने अभियंत्यांच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञही नेमले. बिनोद अग्रवाल यांच्यासारखे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी खेड्यांत जाऊन राहिले. संच कोणाच्या ओट्यावर ठेवला, समोर कोण बसले, कोण दूर उभे राहिले, बायका आल्या की नाहीत, पाहिलेले कोणी घरी जाऊन सांगितले, याच्या नोंदी त्यांनी केल्या. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर आणि त्याचा परिणाम मोजायचा तो गावाच्या पारावर! वर्ष संपले, अमेरिकेने उपग्रह परत नेला, पण अवकाशाचा हिशेब समाजाच्या वहीत मांडायचा असतो हा धडा मागे राहिला. चिटणीस २०२५ साली वयाची शंभरी पुरी करून पुण्यातच निवर्तले.

आता दुसरी संस्था. तिची कथा उलट्या दिशेने जाते. आर्वीने आकाशातून माणसाचा आवाज आणला. खोडदला माणसाचा आवाज जितका कमी येईल तितका बरा.

गोविंद स्वरूप हे उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वाऱ्याचे. १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे कल्याणजवळ ३२ लहान थाळ्यांची एक रेडिओ दुर्बीण मांडली. या सहा-सहा फुटी थाळ्या ऑस्ट्रेलियाने वापरून झाल्यावर भेट दिलेल्या. तिने सूर्याचे निरीक्षण केले. १९७० साली त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. मग त्यांच्या मनात आली त्याहून मोठी कल्पना, आणि तिच्यासाठी त्यांनी नारायणगावजवळचे खोडद निवडले. पुणे हाकेच्या अंतरावर, सभोवार डोंगरांचा आडोसा, विषुववृत्तापासून ठीक तेवढ्या अंतरावरची जागा, आणि मुख्य म्हणजे रेडिओलहरींच्या दृष्टीने बरीचशी शांतता. १९९०च्या दशकात तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या १४ मध्यभागी, एक किलोमीटरच्या चौरसात. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, शेतांमधून दूरवर पसरलेल्या. साऱ्या मिळून २५ किलोमीटर पसाऱ्याची एकच दुर्बीण होते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ती जगाच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ असे तिचे लांबलचक नाव. तोंडी व्यवहारात जीएमआरटी.

एवढी मोठी थाळी भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि खर्च आपल्याला झेपलाच नसता, वाऱ्याने ती पेललीही नसती. स्वरूपांनी ताणलेल्या तारदोरांवर पातळ पोलादी तारांची जाळी बसवली. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो, लांब रेडिओलहरीला मात्र ती जाळी आरशासारखी वाटते. साइटच्या खेड्यांतही छत्री जाळीचीच होती. गरिबी अक्कल शिकवते म्हणतात ते असे.

ही दुर्बीण काय ऐकते? २०१६ च्या १९ ऑक्टोबरला युरोपचे एक लहान यान मंगळावर उतरत होते. त्याच्या चिमुकल्या प्रक्षेपकाचा आवाज सुमारे १० मिनिटांचा प्रवास करून खोडदला पोहोचला. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला. यान कोसळले होते. त्याचा शेवटचा श्वास ऐकणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातील एक गाव होते! २०२३ साली तर याहून मोठी बातमी आली. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या आकाशगंगेतील हायड्रोजनने सोडलेली लहर या दुर्बिणीने पकडली. निघताना ती २१ सेंटीमीटर लांबीची होती. विश्व प्रसरण पावत गेले तशी ती ताणली जाऊन ४८ सेंटीमीटरची झाली होती.

या ताणण्यातच आपल्या कथेची अडचण आहे. हायड्रोजनची मूळ लहर ज्या पट्ट्यात येते तो पट्टा आंतरराष्ट्रीय करारांनी खगोलशास्त्रासाठी राखून ठेवला आहे. परंतु लहर जितकी जुनी तितकी ती ताणून खालच्या पट्ट्यांत सरकते, आणि तेथे आधीच मोबाइल, दूरचित्रवाणी, बिनतारी संदेश यांनी घरे केलेली आहेत. म्हणून विश्वाचे बालपण ऐकायचे असेल तर राखीव पट्टा पुरत नाही. राखीव जागा लागते. आकाशातून येणारी शक्ती किती क्षीण असते याची कल्पना हवी असेल तर असे समजा की चंद्रावर कोणी एक चालू मोबाइल ठेवून आला. आपल्या रेडिओ दुर्बिणींना तो आकाशातील अत्यंत तेजस्वी ठिपक्यांपैकी एक दिसेल. मग शेजारच्या गावातल्या मनोऱ्याची काय कथा!

गंमत अशी की या शास्त्राचा जन्मच गोंगाटाच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतील बेल कंपनीने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला समुद्रापारच्या टेलिफोनात खरखर कोठून येते ते शोधायला बसवले. त्यातली एक खरखर रोज चार मिनिटे आधी येई. म्हणजे ती सूर्याच्या घड्याळाने न चालता ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. १९३३ साली जाहीर झाले की ती आपल्या आकाशगंगेतून येते. पुढे १९३७ साली ग्रोट रीबरने घराच्या अंगणात थाळी उभारून आकाशाचा नकाशा काढायला घेतला. रस्त्यावरच्या मोटारींच्या स्पार्क प्लगची ठिणगी त्याच्या यंत्रात उमटे, म्हणून तो रहदारी थांबल्यावर मध्यरात्रीनंतर निरीक्षण करी. अमेरिकेत ग्रीन बँकच्या वेधशाळेभोवती १९५८ साली मोठा शांत प्रदेश आखून दिला गेला, आणि तेथे दुर्बिणीजवळ डिझेलची गाडी नेतात; डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. चाकणच्या कारखान्यांतून रोज बाहेर पडणाऱ्या मोटारसायकली डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे या एका ठिणगीचे महत्त्व ध्यानात येते.

खोडदच्या संशोधकांवर त्यामुळे एक अनपेक्षित काम येऊन पडले आहे. आकाशाचा अभ्यास करायला आलेल्या या मंडळींना समाजाचाही अभ्यास करावा लागतो. कोणत्या गावी नवा मनोरा आला, कोणत्या वेळी गोंगाट वाढतो, कोणता कमी होतो, याचे मापन ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. विजेच्या तारांचा उपद्रव तर विशेष. एखाद्या खांबावर सांधा सैल झाला, चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला, की तेथे बारीक ठिणग्या उडत राहतात आणि त्यांची खरखर दुर्बिणीच्या खालच्या पट्ट्यांत पसरते. मग लहान अँटेना घेऊन खांबामागून खांब तपासत जायचे, दोषी खांब हुडकायचा आणि वीज कंपनीकडून तो दुरुस्त करून घ्यायचा. रात्री विश्वाच्या आरंभाचे गणित आणि दिवसा गावच्या खांबाची सैल तार! आणि ती तार शेतकऱ्यालाही धोक्याचीच असते, म्हणून हा शोध दोघांच्याही उपयोगी पडतो.

सैल तार घट्ट करता येते. आशा-आकांक्षांचे तसे नाही. दुर्बिणीच्या आसमंतात नव्या कारखान्यांवर आणि प्रक्षेपकांवर निर्बंध आहेत. चाकणपर्यंत आलेली कारखानदारी त्याच रस्त्याने आणखी पुढे सरकू पाहते, आणि तेथील तरुणांना ती हवीही आहे. पुणे-नाशिक लोहमार्गाच्या प्रश्नात हा ताण उघडा पडला. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा सुमारे २३५ किलोमीटरचा जलद मार्ग आखला गेला होता. विजेवर धावणारी गाडी वरच्या तारेला घासत जाते, ठिणग्या उडतात, आणि त्या दुर्बिणीच्या अगदी शेजारून जाणार होत्या. वेधशाळेने हरकत घेतली. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलण्याची भूमिका जाहीर केली. नारायणगाव-मंचरच्या लोकांना हे रुचले नाही. जुन्याच मार्गाचा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी धरला.

मी या आग्रहाला अडाणीपणा म्हणायला तयार नाही. रेल्वेची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसाला, ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनसाठी तू थांब, असे सांगणे फार सोपे आहे, विशेषतः पुण्यात बसून. पिंपरी-चिंचवडला कारखाने मिळाले, चाकणला मिळाले, आणि आपल्या वाट्याला मात्र मौन आले, असे जुन्नरच्या तरुणाला वाटले तर त्याचे काय चुकले? परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. कारखाना हलवता येतो, रूळ वळवता येतात. शेतांमधून २५ किलोमीटर पसरलेल्या ३० थाळ्या उचलून दुसरीकडे मांडता येत नाहीत. आणि एकदा गोंगाटाने भरलेला मुलूख पुन्हा शांत झाल्याचे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

अशा वेळी मला याच डोंगरपट्ट्यातल्या देवराया आठवतात. भीमाशंकरच्या आसपास, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेस, गावोगावी देवाच्या नावाने राखलेले रान असे. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळले लाकूडसुद्धा उचलायचे नाही. बाहेरच्याला वाटे, केवढी जमीन वाया गेली! १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या राया फिरून पाहिल्या तेव्हा भोवतालच्या उजाड डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडे तेथे उभी असलेली आढळली. गावाच्या झऱ्याचे पाणी कित्येकदा याच रायांतून येई. ज्याला आपण रिकामे समजतो तेच राखलेले असते.

खोडदभोवतीचे मौन ही अशीच एक देवराई आहे; झाडांची नाही, आकाशाची. फरक एवढाच की जुनी देवराई गावाने आपणहून राखली होती. तिचा देव गावाचा होता, तिचे पाणी गावाला मिळत होते आणि नियम मोडला तर कोप होईल ही भीतीही गावाचीच होती. ही नवी देवराई सरकारी कागदाने राखली आहे. कागदाने राखलेले रान फार दिवस टिकत नाही, हा आपला अनुभव आहे.

म्हणून मला खोडदच्या फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाचे महत्त्व फार वाटते. त्या वेळी वेधशाळेची दारे उघडतात आणि आसपासच्या शाळांतील मुले, त्यांचे मास्तर, शेतकरी, बायाबापड्या हजारोंनी येतात. मुले आपापले प्रयोग मांडतात. त्या अजस्र थाळीखाली उभ्या राहिलेल्या पाचवीतल्या पोरीला ती काय ऐकते हे कळले, तर पुढे आपल्या गावाच्या मौनाची राखणदारीण तीच होईल. परंतु एवढ्याने भागणार नाही. जे मौन साऱ्या जगाच्या उपयोगी पडते त्याची किंमत एकट्या तालुक्याने मोजावी, हा न्याय नव्हे. लोहमार्ग दुरून न्यायचा असेल तर नारायणगाव-मंचरला जोडणारा चांगला रस्ता आणि शेतमालाची सोय आधी व्हावी. वेधशाळेतली यंत्रे सांभाळण्याचे शिक्षण देणारी शाळा जुन्नरातच निघावी. ठिणगी न उडवणारे उद्योग तेथे आणावेत. साइटच्या अभ्यासकांनी पन्नास वर्षांपूर्वी खेड्याच्या पारावर बसून जो प्रश्न विचारला तो खोडदलाही विचारला पाहिजे : आकाशाच्या या कामातून तुम्हाला काय मिळाले? आणि उत्तर ऐकायला अभियंत्यांबरोबर समाजशास्त्रज्ञही बसले पाहिजेत.

गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले. दुर्बिणीची यंत्रणा त्याआधीच नवी होऊन तिची श्रवणशक्ती पुष्कळ वाढली होती. मात्र कान कितीही तिखट झाले तरी घरात गोंगाट असेल तर त्यांचा उपयोग नाही, हे भरल्या घरात दिवाळी करणाऱ्या माझ्या वाचकांना मी सांगायला हवे असे नाही. चाकणची भट्टी पेटती राहावी, तिच्यावर हजारो चुली अवलंबून आहेत. आणि तिच्यापासून तासाभराच्या वाटेवर अंधारात ताटकळत उभ्या असलेल्या त्या ३० थाळ्यांना, कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला पाहुणा दारात आला तर त्याची हाक ऐकू यावी, एवढी शांतताही आपण राखावी. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर नांदू शकतात. त्यासाठी किंमत कोण मोजतो आहे, याचा हिशेब मात्र उघडा ठेवला पाहिजे.